अभिजात कुणासाठी? : ॲना ज्युलिया कूपर यांचं आयुष्य

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि 'अभिजात' हा शब्द एकदम सगळ्यांच्या तोंडी झाला. आनंद झालाच. पण या शब्दाचा मूळ अर्थ पाहिला की जरा थबकायला होतं. अभिजात म्हणजे चांगल्या, उंच कुळात जन्मलेला. श्रेष्ठ, दर्जेदार वगैरे अर्थ पुढचे. म्हणजे शब्दाच्या पोटातच जन्म आहे, घराणं आहे. इंग्रजीतल्या 'क्लासिकल'चीही तीच कथा. लॅटिनमधला 'क्लासिकुस' म्हणजे रोममधल्या सगळ्यांत वरच्या, श्रीमंत वर्गातला नागरिक. दोन वेगळ्या भाषा, पण दोन्हींकडे उत्तम साहित्याला नाव देताना माणसांना आठवला तो वर्गच.

अमेरिकेत आज 'क्लासिकल एज्युकेशन' हे शब्द उच्चारले की बोलणारा कुठल्या पक्षाचा असेल याचा अंदाज लोक बांधायला लागतात. ग्रीक, लॅटिन, होमर, व्हर्जिल शिकवणाऱ्या नव्या शाळांमागे बरेचदा पुराणमतवादी मंडळी असतात. २०२३ मध्ये फ्लॉरिडा राज्याने आपल्या विद्यापीठांच्या प्रवेशासाठी या विचाराची 'क्लासिक लर्निंग टेस्ट' मान्य केली, तेव्हा त्यावर राजकीय वाद झाला. दुसऱ्या बाजूला अनेकांना वाटतं की हे सगळं गोऱ्या पुरुषांचं जुनं वैभव मिरवणं आहे. दोन्हीकडचं वाचताना मला एका लॅटिन शिकवणाऱ्या बाईची आठवण होते. ती जन्मली तेव्हा कायद्याने ती कुणाच्या तरी मालकीची वस्तू होती.

ॲना ज्युलिया हेवूड हिचा जन्म १० ऑगस्ट १८५८ चा, नॉर्थ कॅरोलायनातल्या राली गावातला. आई हॅना स्टॅन्ली गुलाम होती. बाप कोण हे आईने कधी तोंडाने सांगितलं नाही. आईचा मालकच आपला बाप, हे ॲनाला उमगलं होतं. आपल्या जन्मापलीकडे आपण त्याचं काहीही देणं लागत नाही, जे काही मिळालं ते आईच्या कष्टांमुळे, असं तिने पुढे स्पष्ट लिहून ठेवलं. त्या राज्यात गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. योगायोग असा, की आपल्या पंडिता रमाबाईंचा जन्मही १८५८ चाच. एकीला संस्कृत बंद, दुसरीला साधी अक्षरंच बंद.

गुलामगिरी संपली आणि १८६८ मध्ये एपिस्कोपल चर्चने रालीत मुक्त झालेल्या काळ्या लोकांसाठी सेंट ऑगस्टिन्स ही शाळा काढली. नऊ-दहा वर्षांची ॲना तिच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक. शिष्यवृत्ती होती आणि लवकरच ती इतर मुलांना शिकवायलाही लागली. पण चर्चच्या शाळेतही एक भिंत होती. ग्रीकचा वर्ग निघाला तो धर्मोपदेशक होऊ इच्छिणाऱ्या मुलग्यांसाठी. मुलींनी शिकायचं ते बेताचं. ॲनाला हे पटेना. जेमतेम हुशार मुलगा पाद्री व्हायचं म्हणाला की त्याला फी, पुस्तकं, शाबासकी सगळं मिळतं आणि मुलीने कॉलेजचं नाव काढलं की सगळे गप्प होतात, ही तिची तक्रार होती. ती भांडली आणि त्या वर्गात बसली. याच शाळेत वेस्ट इंडिजमधून आलेले जॉर्ज कूपर होते. ग्रीक शिकवायचे आणि धर्मशास्त्र शिकायचे. १८७७ मध्ये दोघांचं लग्न झालं. दोनच वर्षांत ते वारले. ॲना तेव्हा एकवीस वर्षांची होती, म्हणजे आज माझं जे वय आहे ते. तिने पुन्हा लग्न केलं नाही.

१८८१ मध्ये तिने ओबर्लिन कॉलेजच्या अध्यक्षांना प्रवेशासाठी पत्र लिहिलं. आपण काय वाचलंय याची त्यात यादीच होती. लॅटिनमध्ये सीझर, व्हर्जिल, सिसेरो. ग्रीकमध्ये झेनोफोन, हेरोडोटस यांचे वेचे आणि होमरच्या 'इलियड'चे काही सर्ग. सोळा वर्षांपूर्वीपर्यंत जिच्या लोकांना बाराखडी शिकवणं गुन्हा होता, तिचं हे पत्र. ओबर्लिनमध्ये बायकांसाठी सोपा, ग्रीक नसलेला अभ्यासक्रम होता. तिने पुरुषांचा, चार वर्षांचा घेतला. १८८४ मध्ये बी.ए. आणि १८८७ मध्ये गणितात एम.ए. अशा पदव्या मिळवल्या.

इथे ग्रीक-लॅटिनचा हा हट्ट कशासाठी, हे समजून घ्यायला हवं. अमेरिकेच्या दक्षिणेतले गुलामगिरीचे समर्थक ॲरिस्टॉटलचा दाखला देत. काही माणसं निसर्गानेच गुलाम असतात, हे त्याचं म्हणणं त्यांना सोयीचं होतं. ग्रीस-रोमचं वैभव गुलामांच्या श्रमांवर उभं होतं, मग आमचं का नको, हाही युक्तिवाद असे. काळे धर्मोपदेशक अलेक्झांडर क्रमेल एक आठवण सांगत. ग्रीक व्याकरण येणारा एक जरी काळा माणूस दाखवला तर ही जमात माणूस आहे असं मी मानेन, असं दक्षिणेतले मोठे पुढारी जॉन कॅल्हून म्हणाल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. क्रमेल पुढे केंब्रिजला गेले आणि ग्रीक शिकून आले. ॲना १८८७ मध्ये वॉशिंग्टनला शिक्षिका म्हणून आल्या तेव्हा सुरुवातीला राहिल्या त्या याच क्रमेल यांच्या घरी. तर ग्रीक आणि लॅटिन ही नुसती भाषा नव्हती. माणूसपणाची परीक्षा म्हणून ती त्यांच्यापुढे टाकली गेली होती.

वॉशिंग्टनमधली काळ्या मुलांची ती सरकारी हायस्कूल १८७० मध्ये एका चर्चच्या तळघरात सुरू झाली होती. पुढे एम स्ट्रीटवर तिची इमारत झाली आणि तेच तिचं नाव पडलं. कूपरबाई तिथे गणित, विज्ञान आणि लॅटिन शिकवत. १८९२ मध्ये त्यांचं 'अ व्हॉइस फ्रॉम द साउथ' हे पुस्तक आलं. काळ्या समाजाचे प्रश्न पुरुष बोलतात, बायकांचे प्रश्न गोऱ्या बायका बोलतात आणि काळी बाई दोन्हीकडे मुकी, हा त्याचा गाभा. १९०० मध्ये लंडनच्या पहिल्या पॅन-आफ्रिकन परिषदेत त्या बोलल्या. १९०२ मध्ये त्या एम स्ट्रीटच्या मुख्याध्यापिका झाल्या.

हाच काळ मोठ्या वादाचा. बुकर टी. वॉशिंग्टन हे त्या वेळचे सर्वांत वजनदार काळे पुढारी. स्वतः गुलामीत जन्मलेले, अलाबामात टस्कीगी ही संस्था उभी केलेले. त्यांचं म्हणणं, आधी सुतारकाम, शेती, विटा पाडणं शिका, पैसा कमवा, हक्क मागाहून. १९०१ च्या आत्मचरित्रात त्यांनी एका तरुणाचं चित्र रंगवलं आहे. घाणेरड्या एकखोली झोपडीत बसून तो फ्रेंच व्याकरण वाचतोय, अंगणात तण माजलंय. वाचणाऱ्याला हसूही येतं आणि पटतंही. उत्तरेतल्या गोऱ्या धनिकांना तर ते फारच पटलं. कारागीर काळे त्यांना हवेच होते, बरोबरीने बसणारे नको होते. १९०३ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी पुस्तक लिहून वॉशिंग्टन यांना जाहीर विरोध केला.

कूपरबाईंना हातकामाचा तिटकारा नव्हता. ज्याला सुतार व्हायचंय त्याने उत्तम सुतार व्हावं. पण कुणी काय व्हायचं हे कातडीवरून आधीच ठरवू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. त्या स्वतःच्या शाळेत तेच करत होत्या. त्यांची मुलं हार्वर्ड, येल, ब्राउन, ओबर्लिन अशा ठिकाणी जायला लागली. आपल्या वाचकांना आवडेल अशी एक गोष्ट म्हणजे, १९०३ मध्ये पॅरिसचे कॅथलिक धर्मगुरू फेलिक्स क्लाईन अमेरिका पाहायला आले असता या शाळेत गेले आणि बाईंच्या लॅटिनच्या तासाला बसले. व्हर्जिल चालला होता. ते इतके खूश झाले की परतल्यावर आपल्या प्रवासाच्या पुस्तकात त्यांनी त्या तासाबद्दल लिहिलं.

वॉशिंग्टनच्या शिक्षण खात्यातल्या वरिष्ठांना मात्र हे कौतुक रुचलं नाही. काळ्या शाळांचा अभ्यासक्रम वेगळा, हलका करावा असा विचार तिथे चालू होता. त्याच सुमारास ड्यू बॉइस यांचं शाळेत भाषण झालं आणि संशय वाढला. मग आरोप आले. शिस्त नाही, ठरवून दिलेल्यापेक्षा वेगळं पुस्तक वापरतात, कच्च्या मुलांना फार सांभाळून घेतात. जोडीला त्यांच्या चारित्र्याबद्दलची कुजबुज. एकट्या बाईला हटवायचं तर हे हत्यार कुठल्याही देशात तयारच असतं. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला, चौकशी झाली आणि १९०६ मध्ये त्यांची पुन्हा नेमणूक केली गेली नाही.

लॅटिन शिकवण्याबद्दल नोकरी गेली असं कागदावर कुठेही नाही. कागदावर कधीच नसतं. डॉ. आंबेडकरांना एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत घ्यायचं होतं, ते मिळालं नाही म्हणून फारसी घ्यावी लागली, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. अभिजात भाषा कुणी शिकायची हा प्रश्न भाषेचा नसतो, हे दोन्हीकडे सारखंच दिसतं.

चार वर्षं कूपरबाईंनी मिसूरीतल्या लिंकन इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं. १९१० मध्ये एम स्ट्रीटला परत बोलावलं गेलं, मुख्याध्यापिका म्हणून नाही, साधी लॅटिन शिक्षिका म्हणून. त्या गेल्या. ज्या इमारतीतून अपमान करून काढलं, तिथेच रोज खडू घेऊन उभ्या राहिल्या. पुढे शाळेचं नाव डनबार हायस्कूल झालं आणि १९३० पर्यंत त्या तिथेच होत्या.

दरम्यान १९१४ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरेटचा अभ्यास सुरू केला. बाबासाहेबही त्या वर्षी तिथेच शिकत होते. पण १९१५ मध्ये नात्यातली पाच पोरकी लेकरं घरी आली. सगळ्यांत धाकटं काही महिन्यांचं, थोरलं बारा वर्षांचं. त्यांना वाढवायचं म्हणून घर घेतलं. नोकरी, मुलं आणि न्यूयॉर्कमध्ये राहण्याची अट, हे काही जमेना. तरी त्यांनी मध्ययुगीन फ्रेंचमधलं शार्लमेनच्या यात्रेचं काव्य संपादित केलंच. ते १९२५ मध्ये पॅरिसला छापलं गेलं आणि त्याची प्रस्तावना लिहिली त्याच फादर क्लाईन यांनी, बावीस वर्षांपूर्वी मागच्या बाकावर बसलेल्या पाहुण्याने.

कोलंबियाचं काम त्यांनी पॅरिसच्या सॉर्बोनकडे वळवलं. रजा काढून तिकडे गेल्या तर साठ दिवसांत परत आला नाहीत तर नोकरी जाईल, असा निरोप मागोमाग आला. त्या परतल्या, वर्गावर हजर झाल्या आणि प्रबंध इकडे बसून पूर्ण केला. विषय होता फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात फ्रान्सची गुलामगिरीबद्दलची भूमिका. स्वातंत्र्य-समतेच्या घोषणा देणाऱ्या क्रांतिकारकांचं वसाहतींतल्या गुलामांबाबत काय झालं, हे गुलामीत जन्मलेली बाई सॉर्बोनच्या परीक्षकांपुढे फ्रेंचमध्ये मांडत होती. मार्च १९२५ मध्ये प्रबंध मान्य झाला. वय सहासष्ट. पदवी त्यांना डिसेंबरमध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात समारंभाने दिली गेली.

निवृत्तीनंतर त्या फ्रेलिंगहायसन या रात्रविद्यापीठाच्या अध्यक्ष झाल्या. दिवसभर राबणाऱ्या काळ्या प्रौढांसाठी ते होतं. जागेचं भाडं परवडेना तेव्हा वर्ग त्यांनी स्वतःच्या घरात भरवले. त्यातल्या एका विभागाला आईचं, हॅना स्टॅन्लीचं नाव दिलं. अक्षरओळख नसणाऱ्यांपासून कायदा शिकणाऱ्यांपर्यंत सगळे त्या एका घरात. पण संस्थेची मान्यता गेली आणि हळूहळू ती बंद पडली. ती टिकली असती तर कूपरबाईंचं नाव आज कितीतरी जास्त लोकांना माहीत असतं, असं मला वाटतं.

२७ फेब्रुवारी १९६४ ला, एकशे पाच वर्षांच्या होऊन, त्या झोपेत गेल्या. नागरी हक्कांचा कायदा झाला तो त्याच वर्षी जुलैमध्ये. प्रार्थना झाली ती रालीला, सेंट ऑगस्टिन्सच्या चॅपलमध्ये, जिथे ग्रीकच्या वर्गासाठी त्या भांडल्या होत्या. दफन नवऱ्याशेजारी. २००९ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं. अमेरिकेच्या पासपोर्टवर त्यांचं एक वाक्य छापलं गेलं. आणि २०२१ मध्ये, ज्या हॉवर्ड विद्यापीठात त्यांना पदवी दिली गेली, तिथला क्लासिक्सचा विभाग बंद करण्याचा निर्णय झाला.

या शेवटच्या बातमीवर दोन्ही पक्ष आपापलं बोलले. मला एवढंच दिसतं की अभिजात साहित्य स्वतःहून कुणाच्या बाजूचं नसतं. ॲरिस्टॉटल मळेवाल्यांच्या हातात होता तसा कूपरबाईंच्याही हातात होता. ज्यांनी त्याला कुंपण घातलं त्यांनी त्याचं राजकारण केलं, आणि ज्यांना बाहेर ठेवलं त्यांना आत शिरताना राजकारण करावंच लागलं. आपल्या भाषेला आता तो शिक्का मिळाला आहे. ज्ञानेश्वरी, लीळाचरित्र, क्रिस्तपुराण हे सगळं आता अधिकृतपणे आपलं वैभव आहे. पण महाराष्ट्राच्या सीमेबाहेर, दोन-तीन भाषांत वाढलेल्या आपल्यासारख्या मुलांपैकी किती जणांना ते वाचायला शिकवलं जाणार, कुणाला ते झेपणार नाही असं आधीच ठरवलं जाणार, हे कुठल्याही दर्जाने ठरत नाही. ते शिकवणाऱ्यांवर ठरतं. कूपरबाईंनी जवळजवळ चाळीस वर्षं कुणालाच झेपणार नाही असं धरलं नाही.