चहाच्या दुकानातली चित्रकर्ती

मित्रमैत्रिणींनो, रंगपेटी आणली नाही म्हणून चित्रकलेच्या तासाला आपल्यापैकी कितीतरी जण हाताची घडी घालून बसतात. त्यांनी ही हकिकत जरूर वाचावी. जपान देशात सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी एक चित्रकर्ती होऊन गेली. तिचं नाव ग्योकुरान. एक कुंचला, थोडी काळी शाई आणि वाटीभर पाणी एवढ्यावर तिनं डोंगर काढले, नद्या काढल्या, बांबूची बेटं काढली. कधी त्यात थोडासा रंग घातला, पण मुख्य आधार काळ्या शाईचाच.

आधी ही शाई कशी असते ते पाहू. जपानी शाई बाटलीत मिळायची नाही. पाइनचं लाकूड किंवा तेल जाळून त्याची काजळी धरायची, तिच्यात सरस मिसळायचा आणि साच्यात घालून कांडी पाडायची. ती वाळून दगडासारखी टणक होते. चित्र काढायच्या वेळी दगडी पाटीवर थोडं पाणी घ्यायचं आणि कांडी हळूहळू उगाळायची. देवाच्या पूजेसाठी सहाणेवर चंदन उगाळतात ना, अगदी तसंच! पाणी कमी घेतलं तर गडद काळा, जास्त घेतलं तर करडा आणि खूपच जास्त घेतलं तर धुक्यासारखा फिका. एका काळ्यातून असे कितीतरी रंग निघतात. जवळचं झाड गडद, लांबचा डोंगर फिका. पण एक अडचण आहे बरं का! कागद शाई लगेच पिऊन टाकतो, त्यामुळे एकदा टेकवलेला कुंचला पुसता येत नाही. खोडरबराचं काम नाही. बांबूचं पान एका फटक्यात जमलं तर जमलं, नाहीतर नवा कागद घ्यायचा. म्हणून हात आधी पुष्कळ तयार करावा लागतो.

ग्योकुरानचा जन्म 1727 च्या सुमारास क्योतो शहरात झाला. जपानचे सम्राट त्या वेळी क्योतोलाच राहत. तिचं घरचं नाव माची. क्योतोच्या गिओन भागात एक मोठं देवस्थान आहे. आज त्याला यासाका देवस्थान म्हणतात. दर्शनाला येणाऱ्यांची तिथे वर्दळ असे. त्या वाटेवर माचीच्या आजीचं चहाचं दुकान होतं. चहा म्हणजे आपला दूधसाखरेचा नव्हे हं, तिकडचा हिरवा, बिनदुधाचा आणि बिनसाखरेचा.

आता खरी गंमत पुढेच आहे. दुकान चालवणारी ही आजी कवयित्री होती! तिचं नाव काजी. जपानमध्ये वाका नावाची छोटी कविता असते, अवघ्या 31 अक्षरांची. काजी अशा कविता करी. चहा प्यायला आलेली माणसं तिच्या कविता ऐकत, लिहून घेत. 1707 साली तिच्या कवितांचं पुस्तकसुद्धा छापून निघालं. काजीनं युरी नावाच्या मुलीला दत्तक घेतलं होतं. दुकान आणि कविता अशी दोन्ही कामं पुढे युरीनं उचलली. तिचंही पुस्तक निघालं. ही युरी म्हणजे माचीची आई. आजी, आई आणि नात या तिघींना जपानी लोक आजही एकत्र ओळखतात.

माचीचे वडील बड्या सामुराई घराण्यातले होते, पण ते क्योतो सोडून एदो शहरी गेले. एदो म्हणजे आजचं टोकियो. युरी मागेच राहिली. तिनं दुकान सांभाळून मुलीला एकटीनं वाढवलं. मुलीनं नुसते पेले विसळावेत आणि पाणी भरावं असं काही तिनं ठरवलं नाही. माची कविता शिकली, सुंदर अक्षर शिकली. पुढे तिला चित्रकलेची गोडी लागली.

त्या दुकानात यानागिसावा किएन नावाचे एक सामुराई येत असत. चित्रकला, संगीत, काव्य अशा कितीतरी विद्या त्यांना येत. त्यांनी माचीला चित्रकला शिकवली. शिष्याला नवं नाव देण्याची तिकडे रीत आहे. किएन यांचं चित्रावर घालायचं एक नाव ग्योक्केइ असं होतं. त्यातलं पहिलं अक्षर देऊन त्यांनी माचीला ग्योकुरान हे नाव दिलं. त्याचा अर्थ रत्नासारख्या लाटा. गुरूनं आपल्या नावातलं अक्षर द्यायचं म्हणजे साधीसुधी गोष्ट नव्हे. चहाच्या दुकानातल्या मुलीच्या हातात काय आहे, हे त्यांनी ओळखलं होतं.

त्याच शहरात इके ताईगा नावाचा एक तरुण चित्रकार होता. 1723 सालचा त्याचा जन्म. लहानपणीच वडील वारले, आईनं वाढवलं. वारा घ्यायच्या कागदी पंख्यांवर चित्रं काढून तो पोट भरत असे. तो बोटांनी आणि नखांनीसुद्धा चित्र काढी! युरीनं त्याचं काम पाहिलं, त्याचा वकूब ओळखला आणि आपल्या मुलीला हाच नवरा योग्य असं ठरवलं, असं सांगतात. त्याच्याजवळ पैसा नव्हता, पण ते तिनं मनावर घेतलं नाही.

लग्न झालं. त्या काळी जपानात लग्न झालेल्या बाईनं भुवया काढून टाकायच्या आणि दात काळे करायचे, आपल्याकडे जुन्या बायका दातवण लावून करत तसे, अशी चाल होती. ग्योकुराननं भुवया काढल्या नाहीत. जशा होत्या तशाच ठेवल्या. लोक नावं ठेवत असतील, पण तिनं भांडण केलं नाही आणि आपला हेकाही सोडला नाही.

नवराबायको देवस्थानाजवळच एका छोट्या घरात राहू लागले. घरात कागद, कुंचले आणि पुस्तकं यांचा नुसता पसारा! ताईगानं बायकोला आपल्या पद्धतीची चित्रकला शिकवली. ही पद्धत चीनमधल्या विद्वान लोकांच्या चित्रांवरून जपानात आलेली होती. हे विद्वान चित्र काढून त्यावर कविताही लिहीत. मग ग्योकुराननं काय केलं? तिनं नवऱ्याला वाका कविता शिकवली! त्या विद्येत तीच वरचढ होती. म्हणजे एका विषयात नवरा गुरू आणि बायको शिष्या, तर दुसऱ्या विषयात बायको गुरू आणि नवरा शिष्य. दोघं मिळून वाद्यंही वाजवत. पैशाची ओढाताण होती, पण कलेचं काम कधी थांबलं नाही.

या दोघांची एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. एकदा ताईगा ओसाका शहराला चित्रं काढायला निघाला. गडी आपल्याच तंद्रीत! निघाला खरा, पण कुंचले घरीच राहिले. ग्योकुरानच्या ते लक्षात आलं. कुंचले घेऊन ती मागोमाग धावत सुटली आणि वाटेत एका देवळापुढे तिनं त्याला गाठलं. ताईगानं कुंचले घेतले, कमरेत वाकून नमस्कार केला आणि आपण कोण, कुठल्या, माझी हरवलेली वस्तू सापडवून दिलीत, फार उपकार झाले, असं म्हणून तो चालू लागला. समोर आपलीच बायको आहे हे त्याला समजलंच नाही! आणि ग्योकुरान? ती एक शब्द न बोलता मागे वळली आणि घरी आली.

वाचून हसू येतं. पण जरा विचार केला म्हणजे वाटतं, तिला वाईट वाटलं नसेल का? वाटलंही असेल. पण चित्रात बुडालेल्या माणसाला आजूबाजूचं भान राहत नाही हे तिच्याइतकं दुसऱ्या कोणाला कळणार? तिलाही ते रोजचंच होतं. घरी तिचे स्वतःचे कुंचले होते आणि स्वतःचं काम होतं.

ग्योकुराननं पुष्कळ पंखे रंगवले. पंख्याचा कागद चौकोनी नसतो. वर कमानीसारखा गोल आणि खाली निमुळता. त्यावर चित्र बसवणं अवघड. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी, मधे मोकळी जागा. मोकळ्या जागेत ती स्वतःची कविता लिहीत असे, आपल्या नाजूक, लांबट अक्षरात. पंख्याशिवाय तिनं मोठ्या पडद्यांवर आणि गुंडाळून ठेवायच्या कागदांवरही चित्रं काढली. बांबू, ऑर्किडची फुलं, प्लमचा बहर, शेवंती हे तिच्या पद्धतीच्या चित्रकारांचे आवडते विषय. प्लमचं झाड थंडीतच फुलतं आणि बांबू वाऱ्यानं वाकतो पण मोडत नाही, म्हणून त्या विद्वानांना ही झाडं माणसांना धडा देणारी वाटत.

1776 साली ताईगा वारला. तोवर त्याचं नाव खूप मोठं झालं होतं. त्याच्यामागे ग्योकुरान आठ वर्षं जगली आणि 1784 साली क्योतोतच तिनं देह ठेवला. सहा वर्षांनी, 1790 साली, चारचौघांपेक्षा वेगळ्या वाटेनं जाणाऱ्या माणसांच्या गोष्टींचं एक पुस्तक जपानात छापलं गेलं. ताईगाबरोबर ग्योकुरानही त्यात आहे.

पुढे पुष्कळ वर्षं लोक तिला ताईगाची बायको म्हणूनच ओळखत. मोठ्या झाडाखालचं झाड पटकन नजरेत येत नाही, तसंच हे झालं. पण चित्रं टिकून राहिली. 2007 साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराच्या कलासंग्रहालयानं एक मोठं प्रदर्शन भरवलं. त्याच्या नावातच दोघांची नावं शेजारी शेजारी होती आणि दोघांनाही कुंचल्याचे उस्ताद म्हटलं होतं. क्योतो शहरात दर वर्षी 22 ऑक्टोबरला जुन्या काळाची मिरवणूक निघते. थोर स्त्रीपुरुषांचे वेष घेऊन माणसं चालतात. त्यात चहाच्या दुकानाची मालकीण काजी असते आणि तिची नात ग्योकुरानही असते.

राजाच्या घरी किंवा मोठ्या चित्रकाराच्या घरी ती जन्माला आली नव्हती. तिच्या घरी चहाचं आधण होतं आणि शिकवणारी आई होती. दुकानाचं काम सांभाळून आजीनं आईला आणि आईनं तिला अक्षरं आणि कविता दिल्या. त्यातला एखादा दुवा जरी तुटला असता तरी आज आपल्याला ग्योकुरान हे नाव कळलं नसतं. भित्तिपत्रक वाचायला आलेल्या आईवडिलांनीही एवढी गोष्ट घरी घेऊन जावी.

आणि मुलांनो, रंगपेटी नसली तर आता रडायचं नाही हं! घरून एक वाटी आणा. तिच्यात पाणी घ्या, शाईचे दोन थेंब टाका. एका पानासाठी एकच फटका मारा. पहिलं पान बिघडेल, दहावंही बिघडेल. कागद उलटा करा आणि पुन्हा काढा.