लेटा हॉलिंगवर्थ

लेटा स्टेटर हॉलिंगवर्थ (२५ मे १८८६ – २७ नोव्हेंबर १९३९) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होत्या. असामान्य बुद्धीच्या मुलांच्या शिक्षणाचा पाया घालणाऱ्या अभ्यासकांत त्यांची गणना होते.

जीवन

त्यांचा जन्म नेब्रास्का राज्यात चॅड्रन गावाजवळ झाला. धाकट्या बहिणीच्या जन्माच्या वेळी आईचे निधन झाल्याने त्यांच्या बालपणाचा बराच काळ आजोळी गेला. १९०६ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाची पदवी घेतल्यावर त्यांनी माध्यमिक शाळेत अध्यापन केले. १९०८ मध्ये मानसशास्त्राचे अभ्यासक हॅरी हॉलिंगवर्थ यांच्याशी विवाह करून त्या न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झाल्या. तेथील शाळांत त्या काळी विवाहित स्त्रियांना शिक्षिका म्हणून नेमत नसत. त्यामुळे काही वर्षे घरी राहिल्यावर त्यांनी कोलंबिया विद्यापीठात पुढील शिक्षण घेतले व १९१६ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. मासिक पाळीच्या काळात स्त्रियांची कार्यक्षमता घटते, या समजाला त्यांच्या प्रबंधातील प्रयोगांत आधार आढळला नाही. त्यानंतर अखेरपर्यंत त्यांनी टीचर्स कॉलेजात अध्यापन केले.

शैक्षणिक कार्य

आरंभी त्या मतिमंद समजल्या जाणाऱ्या मुलांच्या बुद्धिमापन चाचण्या घेत. त्यांतील काही मुलांची बुद्धी सामान्य असून अडचण परिस्थितीशी जुळवून घेण्याची आहे, असे त्यांना आढळले. १९१६ च्या सुमारास १८० हून अधिक बुद्ध्यंक असलेला एक मुलगा त्यांच्या पाहण्यात आला आणि त्यांचे लक्ष प्रज्ञावान मुलांकडे वळले.

हुशार मूल आपोआप पुढे जाते, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. फार उच्च बुद्ध्यंकाच्या मुलांना समवयस्कांत मित्र मिळत नाहीत व नेहमीच्या वर्गात त्यांचा बराच वेळ वाया जातो, असे त्यांनी दाखवून दिले. १९३६ मध्ये न्यूयॉर्कच्या स्पायर शाळेत अशा मुलांसाठी खास वर्ग सुरू झाले. त्याच शाळेत संथ गतीने शिकणाऱ्या मुलांचेही वर्ग होते. मुलांना वरच्या इयत्तेत ढकलण्याऐवजी अन्न, वस्त्र, निवारा, वाहतूक यांसारख्या नित्याच्या गोष्टींच्या विकासाचा अभ्यास आणि चरित्रवाचन यांवर तेथे भर होता.

ग्रंथ व मूल्यमापन

त्यांचा प्रज्ञावान मुलांवरील ग्रंथ १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. १८० हून अधिक बुद्ध्यंकाच्या बारा मुलांवरील ग्रंथ त्यांच्या निधनानंतर पतीने पूर्ण केला व तो १९४२ मध्ये प्रकाशित झाला. बुद्धिमत्ता प्रामुख्याने आनुवंशिक असते, या त्यांच्या मतावर पुढे टीका झाली; मात्र प्रज्ञावान मुलांच्या भावनिक गरजांकडे त्यांनी वेधलेले लक्ष आजही महत्त्वाचे मानले जाते.