चौकोनी डोळ्यांची जनावरे

चिनी लेखक लू शुन म्हटले की आपल्याकडे ‘आ क्यू’ची कथा आठवते आणि बोलणे तेथेच थांबते. मला मात्र त्याच्या चरित्रात सर्वांत ओढ वाटते ती एका निरक्षर बाईने आणून दिलेल्या सचित्र पुस्तकाची.

त्याचे खरे नाव चौ शू-रेन. जन्म १८८१ चा, शाओशिंग गावचा; घराणे विद्वानांचे. एका लांबच्या आजोबांनी त्याला ‘शान हाय जिंग’ या पुराणग्रंथाच्या चित्रमय प्रतीचे वेड लावले. माणसाच्या तोंडाची जनावरे, नऊ डोक्यांचा साप, मुंडके तुटल्यावर छातीवरच डोळे फुटून ढाल-परशू घेऊन नाचणारा शिंगत्येन! पण प्रत कोठे पडली ते आजोबांना आठवेना, आणि शोधायचा कंटाळा. पुस्तकांची दुकाने लांब. वर्षातून एकदा, नववर्षात तिकडे जायला मिळे, तेव्हा नेमकी ती बंद. घरातल्या शिकलेल्या माणसांपैकी कोणी हे मनावर घेतले नाही.

घेतले ते त्याला सांभाळणाऱ्या दाईने. तिला आ चांग म्हणत. तेही तिचे नाव नव्हे. आधीची दाई उंच होती, तिचे नाव या ठेंगण्या, लठ्ठ बाईला चिकटले. ती कुजबुजत चहाड्या करी, रात्री हातपाय पसरून सारा बिछाना अडवी. शिवाय त्याचा लाडका उंदीर तिने मारला होता, तो राग वेगळाच. हीच बाई रजेवर गावी गेली आणि परतली ती चार लहान पुस्तके घेऊन. ग्रंथाचे नावही तिला धड उच्चारता येत नव्हते.

कागद पिवळा, छपाई भिकार, चित्रे नुसत्या सरळ रेघांची. जनावरांचे डोळेसुद्धा चौकोनी! तरी ते त्याचे सर्वांत लाडके पुस्तक झाले. पुढे तो शाळेत कादंबऱ्यांतील चित्रांवर पातळ कागद ठेवून ती गिरवू लागला. पैशांची गरज पडली तेव्हा तो संग्रह एका श्रीमंत वर्गमित्राला विकला.

आजोबांचा १८९३ चा तुरुंगवास, १८९६ मध्ये वडिलांचा मृत्यू, जपानमधले अर्धवट सोडलेले वैद्यकीय शिक्षण, हे सर्वपरिचित आहे. पण १९३१ च्या ऑगस्टमध्ये शांघायला तेरा तरुणांसाठी लाकडी ठशांचा वर्ग भरला, तेव्हा जपानी शिक्षकाचा दुभाषी म्हणून स्वतः लू शुन उभा राहिला, हे कमी सांगितले जाते. फुटपाथवरच्या चित्रकथांना विद्वान नाके मुरडत असता १९३२ मध्ये त्याने त्यांची बाजू घेतली, आणि मायकेलअँजेलोची भित्तिचित्रे तरी दुसरे काय आहेत, असे सुनावले. या वकिलीमागे मला ते चौकोनी डोळे दिसतात. १९३६ च्या जानेवारीत आलेल्या त्याच्या शेवटच्या कथासंग्रहात न्यूवा, यी, यू ही पुराणातलीच मंडळी आहेत. त्याच वर्षी, १९ ऑक्टोबरला तो गेला.

दाईवर त्याने १९२६ मध्ये लेख लिहिला. त्या वेळी तिला जाऊन बरीच वर्षे झाली होती. शिळाछापाची चांगली प्रत त्याने नंतर विकत घेतली होती. ती चार पुस्तके केव्हा हरवली हे त्याला आठवत नव्हते. तिचे नाव तर त्याला कधीच कळले नव्हते.