कमला सोहोनी : अर्कातून उलगडलेले अन्नाचे रसायन

भारतीय जीवरसायनशास्त्राच्या पायाभरणीत ज्यांचे नाव आदराने घेतले जाते, त्या डॉ. कमला सोहोनी यांचे बहुतेक संशोधन एका कष्टप्रद कामावर उभे होते. डाळीचा दाणा, बटाट्याचा तुकडा किंवा नीरेचा पेला यांतील नेमका हवा तो घटक इतर शेकडो द्रव्यांतून अलग करणे, हे ते काम. रासायनिक विश्लेषणात मोजमाप सर्वांत शेवटी येते. त्याआधी नमुना दळणे, विरघळवणे, गाळणे आणि शुद्ध करणे यांतच बराचसा वेळ जातो, आणि चुकाही बहुधा तेथेच होतात. आज ही कामे मोठ्या प्रयोगशाळांत स्वयंचलित यंत्रे करतात. सोहोनी यांच्या उमेदीच्या काळात ती हातानेच करावी लागत.

कमला भागवत यांचा जन्म १९११ साली झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. थोरली बहीण दुर्गा पुढे मराठीतील थोर विदुषी म्हणून ओळखली गेली. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी अव्वल क्रमांकाने मिळवून कमलाबाईंनी १९३३ साली बंगळूरच्या त्याच संस्थेकडे अर्ज केला. संचालकपदी तेव्हा नोबेल पारितोषिकविजेते सर सी. व्ही. रामन होते. विद्यार्थिनीला प्रवेश देण्यास त्यांनी नकार दिला.

कमलाबाई मागे हटल्या नाहीत. त्यांनी नकाराचे कारण विचारले आणि आग्रह धरला. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागणार होते आणि त्यांच्या उपस्थितीने संस्थेतील पुरुष संशोधकांचे लक्ष विचलित होता कामा नये, असेही बजावण्यात आले. हा अपमान त्या आयुष्यभर विसरल्या नाहीत. मात्र वर्षभरातच त्यांच्या कामाने रामन यांचे समाधान झाले आणि संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले.

बंगळूरला श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. कडधान्याचे पीठ मिठाच्या सौम्य द्रावणात ढवळले की काही प्रथिने द्रावणात उतरतात. मग गाळणे, क्षारांच्या साहाय्याने साका खाली बसवणे आणि पातळ पडद्याच्या पिशवीत डायलिसिस करून लहान रेणू काढून टाकणे, हा या कामाचा प्रचलित क्रम. तापमान वाढले किंवा विलंब झाला तर प्रथिन बिघडते आणि साऱ्या खटाटोपावर पाणी पडते.

१९३६ साली एम.एस्सी. झाल्यावर शिष्यवृत्ती मिळवून त्या केंब्रिजला गेल्या. सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या जीवरसायन विभागात प्रथम डेरेक रिक्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर त्यांनी काम केले. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींमध्येही सायटोक्रोम-सी हे श्वसनाशी निगडित द्रव्य असते, हे त्यांनी दाखवून दिले. हिरव्या पानांत हरितद्रव्याचा दाट रंग अशा द्रव्याची क्षीण खूण झाकून टाकतो, त्यामुळे नमुन्याची निवड हीच निम्मी लढाई ठरते. अवघ्या १४ महिन्यांत आणि सुमारे ४० पानांच्या प्रबंधावर त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय महिलांत त्यांची गणना होते.

१९३९ साली त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायन विभागाची धुरा त्यांनी सांभाळली. त्यानंतर तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील कुन्नूर येथे पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी जीवनसत्त्वांवर काम केले. १९४७ साली मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईत आल्या व विज्ञान संस्थेत जीवरसायनाच्या प्राध्यापक झाल्या.

याच संस्थेत १९५० च्या दशकात त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय कडधान्यांतील ट्रिप्सिन-रोधक द्रव्ये वेगळी केली. प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारी ही द्रव्ये वालासारख्या रोजच्या कडधान्यांत आढळतात आणि शिजवल्याने त्यांचा प्रभाव बराच ओसरतो. गरिबाचे प्रथिन ज्या देशात डाळीतूनच येते, तेथे हा प्रश्न केवळ पुस्तकी नव्हता. त्याच काळात, १९५७ साली, अमेरिकेत लिओनार्ड स्केग्ज यांनी रक्ताच्या तपासणीचे स्वयंचलित यंत्र मांडले. त्यात रक्तातील प्रथिने बाजूला ठेवण्यासाठी डायलिसिसचाच पडदा बसवलेला होता. भारतीय प्रयोगशाळांत अशी यंत्रे सर्रास पोहोचायला पुढे बराच काळ जावा लागला.

राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेच्या पोषणमूल्याचा अभ्यास हाती घेतला. नीरा विश्लेषकाची कसोटी पाहते. उन्हे चढू लागली की ती आंबते आणि काही तासांत नमुना मुळात होता तो राहतच नाही. नीरेत व तिच्यापासून केलेल्या ताडगुळात जीवनसत्त्वे व लोह असल्याचे त्यांच्या संशोधनातून पुढे आले. आदिवासी कुपोषित मुले व गरोदर स्त्रियांच्या आहारात नीरेचा उपयोग होऊ शकतो, हे त्यातून स्पष्ट झाले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. संस्थेचे संचालकपद मात्र त्यांना पात्रता असूनही उशिरा देण्यात आले.

१९६६ साली मुंबईत स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहक संघटनेच्या त्या संस्थापक सदस्य होत्या. संघटनेच्या 'कीमत' या नियतकालिकातून त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी सातत्याने लेखन केले आणि १९८२-८३ मध्ये अध्यक्षपदही भूषवले.

१९९८ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने नवी दिल्लीत त्यांचा गौरव समारंभ योजला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर लवकरच त्यांचे निधन झाले.