छात्रालयातील दैनिक

पूर्व खानदेशात बोरी नदीच्या काठी अमळनेर हे गाव आहे. सभोवती कापसाची काळी शेते, नदीच्या पात्रात संत सखाराम महाराजांची समाधी, गावात प्रतापशेठांनी उभारलेली कापडगिरणी आणि त्यांच्याच औदार्याने वाढलेली शाळा, असे या गावाचे रूप होते. येथे १९२४ साली एक तरुण शिक्षक शाळेत रुजू झाला. अंगावर साधे कपडे, स्वभाव अतिशय लाजाळू. परंतु वाचन मात्र अफाट. त्याचे नाव पांडुरंग सदाशिव साने. पुढे सारा महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणून ओळखू लागला.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगड या गावी झाला. एके काळी सुखवस्तू असलेले घर त्यांच्या बालपणी दारिद्र्यात बुडाले होते. शिक्षणासाठी त्यांना दापोली, औंध, पुणे असे हिंडावे लागले. पुष्कळदा अर्धपोटी राहावे लागले. विद्यार्थिदशेतच मातेचे छत्र हरपले. अशा स्थितीतही त्यांनी शिक्षण सोडले नाही. तत्त्वज्ञानाचा अभ्यास करण्यासाठी ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. परंतु त्यांचे मन रमले ते मुलांत. म्हणून ते तेथील हायस्कुलात शिक्षक झाले आणि लवकरच छात्रालयाची व्यवस्थाही त्यांच्याकडे आली.

छात्रालयात खेड्यापाड्यांतून आलेली मुले राहत. गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, अस्ताव्यस्त पडलेली अंथरुणे नीट घडी करून ठेवीत, आजारी मुलाच्या उशाशी रात्र रात्र बसत. शिक्षा न करता त्यांनी मुलांना शिस्त लावली. ज्या खोलीत गुरुजींनी केर काढला, त्या खोलीत पुन्हा कचरा टाकायला कोणाचा हात धजणार?

या मुलांपुढे भाषेची एक मोठी अडचण होती. घरी ती अहिराणी बोलत, शाळेत मराठी शिकत आणि हायस्कुलात आल्यावर इंग्रजीला तोंड देत. त्या काळी इयत्तांची नावेसुद्धा इंग्रजी पहिली, इंग्रजी दुसरी अशी असत. पुष्कळ मुले इंग्रजी शब्दांची स्पेलिंगे आणि अर्थ घोकून पाठ करीत. परंतु त्या शब्दांमागचे जग त्यांना ठाऊक नसे. घोकलेला शब्द परीक्षेपर्यंत टिकतो आणि मग विसरतो. शिवाय, जगातील घडामोडींची सविस्तर हकीकत प्रामुख्याने मोठ्या शहरांतील इंग्रजी वर्तमानपत्रांत येई. खेड्यातील मुलाला ती वाचता येत नसत. जग एकीकडे, मूल दुसरीकडे आणि मध्ये भाषेची भिंत, अशी ही स्थिती होती.

ही भिंत ओलांडण्यासाठी गुरुजींनी एक नवी वाट काढली. त्यांनी छात्रालयातील मुलांसाठी एक दैनिक सुरू केले. त्याचे नावही ‘छात्रालय’ असेच होते. या दैनिकाला छापखाना नव्हता. गुरुजीच त्याचे संपादक आणि गुरुजीच लेखक. दिवसभर शाळेत शिकवावे, मुलांची सेवा करावी, मिळेल त्या वेळात ग्रंथ व वर्तमानपत्रे वाचावीत आणि त्यांतील सार सोप्या मराठीत स्वतःच्या हाताने लिहून काढावे, असा त्यांचा क्रम होता. त्या दैनिकात देशातील आणि परदेशांतील घडामोडी असत, थोरांच्या गोष्टी असत आणि छात्रालयातील साध्यासुध्या प्रसंगांवरही विचार असत. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिकही काढले.

तो काळच मोठ्या घडामोडींचा होता. १९१४ ते १९१८ या काळातील महायुद्धाने युरोप होरपळून निघाला होता. पुन्हा असे युद्ध होऊ नये म्हणून राष्ट्रसंघ स्थापन झाला होता. १९२५ साली लोकार्नो येथे जर्मनी, फ्रान्स आदी राष्ट्रांत करार झाले. १९२८ साली पॅरिस येथे अनेक राष्ट्रांनी युद्धाचा मार्ग सोडण्याची प्रतिज्ञा केली. या बातम्यांबरोबर ट्रीटी, लीग, कॉन्फरन्स, अल्टिमेटम असे शब्द इंग्रजी पत्रांतून रोज येत. ट्रीटी हा शब्द परका खरा. पण तह हा शब्द मराठी मुलाला परका नव्हता. १६६५ चा पुरंदरचा तह आणि १७८२ चा सालबाईचा तह त्याने इतिहासात वाचलेले होते. अल्टिमेटम म्हणजे निर्वाणीचा खलिता. १९१४ साली ऑस्ट्रियाने सर्बियाला असाच खलिता धाडला आणि थोड्याच दिवसांत महायुद्धाची आग भडकली. एवढी हकीकत ज्याला कळली, त्याला तो शब्द निराळा पाठ करावा लागत नाही. गोष्ट आधी आपल्या भाषेत समजली, की तिचा परभाषेतील शब्द आपोआप मनात घर करतो.

पुढे असेच शब्द हिंदुस्थानच्या दारातही येऊन उभे राहिले. १९२८ साली सायमन कमिशन हिंदुस्थानात आले. या देशाला कोणते अधिकार द्यावेत, याची चौकशी ते करणार होते. परंतु त्याच्या सात सभासदांत एकही हिंदी माणूस नव्हता. त्यामुळे देशभर कमिशनवर बहिष्कार पडला. पुढे डोमिनियन स्टेटस, म्हणजे वसाहतीचे स्वराज्य, हा शब्द सर्वतोमुखी झाला. तेवढ्यावर समाधान मानावे की पूर्ण स्वातंत्र्य मागावे, याचा खल झाला. अखेर डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरच्या काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला. दोन शब्दांतील फरक हा केवळ कोशातील फरक नव्हता. त्या फरकासाठी हजारो माणसे तुरुंगात जाणार होती.

मार्च १९३० मध्ये महात्मा गांधी दांडीच्या वाटेने निघाले. सत्याग्रह हा शब्द आता जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकू लागला. त्याला नेमका प्रतिशब्द नसल्यामुळे इंग्रजी पत्रांनाही तो जसाच्या तसा घ्यावा लागला. गुरुजींपुढे मात्र निराळाच प्रश्न उभा होता. मुलांना देशभक्तांच्या गोष्टी रोज सांगाव्यात आणि देशाची हाक आल्यावर आपण मात्र वर्गात स्वस्थ बसावे, हे त्यांच्या मनाला पटेना. छात्रालयातील मुलांवर त्यांची आईसारखी माया होती. त्यांना सोडून जाणे सोपे नव्हते. तरीही त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि सत्याग्रहात उडी घेतली. जे शब्द त्यांनी मुलांना शिकविले होते, त्यांचा अर्थ त्यांनी स्वतःच्या आचरणाने दाखविला.

सरकारने त्यांना धुळ्याच्या आणि नंतर दूर दक्षिणेतील त्रिचनापल्लीच्या तुरुंगात ठेवले. तेथे निरनिराळ्या प्रांतांतील सत्याग्रही एकत्र आले होते. सर्वांचे ध्येय एक. परंतु एकाची भाषा दुसऱ्याला कळत नसे. हे पाहून गुरुजींनी तेथे तमिळ भाषेचा अभ्यास केला आणि कुरळ या प्राचीन तमिळ ग्रंथाचे मराठीत भाषांतर केले. १९३२ साली ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे आचार्य विनोबा भावे यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती गुरुजींनी भराभर लिहून घेतली, म्हणूनच तो अमोल ठेवा महाराष्ट्राला लाभला. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ हे पुस्तक लिहिले.

डिसेंबर १९३६ मध्ये खानदेशातील फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. त्यासाठी गुरुजी गावोगाव पायपीट करीत हिंडले. अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू यांनी आपल्या भाषणात स्पेनमधील यादवी युद्धाचा आणि युरोपात माजलेल्या फॅसिझमचा विचार मांडला. जगाचे प्रश्न आता खानदेशच्या शेतकऱ्याच्या कानी पडत होते. १९३८ साली गुरुजींनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक सुरू केले आणि शेतकऱ्यांची व कामगारांची दुःखे वेशीवर टांगली. हेन्री थॉमस या लेखकाने लिहिलेली मानवजातीची कथाही त्यांनी मराठीत आणली.

भारतातील प्रत्येकाने आपल्या प्रांताबाहेरचीही एखादी भाषा शिकावी, म्हणजे मने जवळ येतील, असे गुरुजींना वाटे. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात रुजलेल्या या विचाराला त्यांनी ‘आंतरभारती’ असे नाव दिले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. ११ जून १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

छात्रालयाच्या त्या दैनिकाचे वाचक थोडे होते; गावाबाहेर त्याचे नावही फारसे कोणाला ठाऊक नव्हते. परंतु खानदेशातील मुलांसाठी ती जगाकडे उघडणारी खिडकी होती. नवा शब्द शिकणे म्हणजे नव्या माणसांचे सुखदुःख जाणून घेणे, हाच धडा गुरुजी त्या हस्तलिखित पानांतून देत राहिले.