वाळवंटी युद्धाचा वार्ताहर

दुसऱ्या महायुद्धातील उत्तर आफ्रिकेच्या लढाया ज्यांच्या लेखणीमुळे इंग्रजी वाचकांच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या, त्यांत अ‍ॅलन मूरहेड यांचे नाव अग्रभागी आहे. २२ जुलै १९१० रोजी मेलबर्न येथे जन्मलेल्या मूरहेड यांनी तेथील ‘हेरल्ड’मध्ये पत्रकारितेचे धडे घेतले. १९३६ मध्ये ते युरोपात आले आणि १९४० मध्ये लंडनच्या ‘डेली एक्स्प्रेस’चे युद्धवार्ताहर म्हणून कैरोत दाखल झाले.

हे युद्ध आगळेच होते. शेकडो मैल ना गाव, ना वस्ती. समुद्रावरील आरमारांप्रमाणे येथे रणगाडे एकमेकांचा माग काढत. जिंकलेल्या भूमीला मोल नव्हते. खरे मोल होते पाणी आणि पेट्रोलला. वार्ताहरही शिधा मोटारीत भरून सैन्यामागे धावत. ‘डेली मेल’चे अलेक्झांडर क्लिफर्ड आणि ‘डेली टेलिग्राफ’चे ख्रिस्तोफर बकली हे खरे तर मूरहेड यांचे प्रतिस्पर्धी, पण वाळवंटाने त्यांना जिवलग सोबती केले.

डिसेंबर १९४० मधील सिदी बरानीचा विजय, ज्यात चौथ्या भारतीय डिव्हिजनने पराक्रम गाजवला, मूरहेड यांनी वाचकांपर्यंत पोहोचवला. नोव्हेंबर १९४१ मधील लढाईत शत्रू कोठे आणि मित्र कोठे, हेच कोणाला उमगेना. मूरहेड यांनी तो गोंधळ लपवला नाही. जून १९४२ मध्ये तोब्रुक पडले, तेव्हा ब्रिटिशांच्या चुकांचीही त्यांनी परखड चिकित्सा केली. मोहिमांच्या मधल्या काळात लिहिलेल्या त्यांच्या तीन पुस्तकांतून मे १९४३ मधील ट्युनिसच्या विजयापर्यंतचा इतिहास साकारला. ही पुस्तके पुढे ‘आफ्रिकन ट्रिलॉजी’ म्हणून गाजली.

युद्धानंतर त्यांनी दैनंदिन पत्रकारिता सोडली. ‘गॅलिपोली’ (१९५६) आणि ‘द व्हाइट नाईल’ (१९६०) या ग्रंथांनी त्यांना इतिहासलेखक म्हणून कीर्ती मिळवून दिली. मात्र रणांगणातून सुखरूप परतलेल्या या लेखकावर १९६६ मध्ये आजाराने घाला घातला. मेंदूला इजा झाली. बोलणे, वाचणे आणि लिहिणे हिरावले गेले. पत्नी लुसी यांनी त्यांच्या जुन्या लिखाणातून ‘अ लेट एज्युकेशन’ हे आत्मचरित्र सिद्ध केले. ते १९७० मध्ये प्रसिद्ध झाले. क्लिफर्ड यांच्याशी असलेली मैत्री हाच त्याचा गाभा आहे. १९७९ मध्ये लुसी मोटार अपघातात गेल्या. २९ सप्टेंबर १९८३ रोजी लंडन येथे मूरहेड यांचे निधन झाले. शब्दांवर जगलेल्या या माणसाची अखेरची सतरा वर्षे शब्दांवाचून गेली.