विश्लेषण : सात गाड्या, जुहूचा बंगला आणि पुन्हा दादरची चाळ, भगवानदादांच्या आयुष्यात नेमकं काय घडलं?

कामणमधली हळद असो की दादरमधलं गणपती विसर्जन, बेंजोचा ठेका सुरू झाला की कुणीतरी कोपरातून हात वाकवून, खांदे हलवत, जागच्या जागी पाय सरकवत नाचू लागतो. ही स्टेप घराघरांत पोहोचवली ती भगवानदादा यांनी. हिंदी सिनेमातला हा मराठी विनोदी नट एकेकाळी स्वतःच्या स्टुडिओचा मालक होता. ४ फेब्रुवारी २००२ रोजी त्यांचं निधन झालं, तेव्हा ते दादरच्या चाळीतल्या दोन खोल्यांत राहत होते. हा प्रवास नेमका कसा झाला?

भगवानदादा कोण होते?

पूर्ण नाव भगवान आबाजी पालव. जन्म १ ऑगस्ट १९१३. वडील गिरणी कामगार. लहानपण मुंबईच्या कामगार वस्तीत गेलं. व्यायाम आणि सिनेमा ही दोन वेडं. सुरुवातीला मजुरी केली, मग मूकपटांत छोटी कामं मिळाली. सिनेमा कसा बनतो हे ते सेटवरच शिकले. १९३८ मध्ये ‘बहादूर किसान’ या चित्रपटाचं त्यांनी चंद्रराव कदम यांच्यासोबत दिग्दर्शन केलं.

त्यानंतर दहा-अकरा वर्षं त्यांनी कमी बजेटचे स्टंटपट काढले. मारामारी, उड्या आणि मध्येमध्ये विनोद असा त्यांचा मसाला असे. प्रेक्षक होता गिरणीतला आणि गोदीतला कामगार. उच्चभ्रू थिएटरांना या सिनेमांचं वावडं होतं, पण स्वस्त तिकिटांच्या थिएटरांत ते चालत.

तमिळ सिनेमाशी काय संबंध?

१९४१ मध्ये भगवानदादांनी ‘वनमोहिनी’ हा तमिळ चित्रपट दिग्दर्शित केला. जंगलातल्या या साहसपटात एम. के. राधा आणि सिलोनच्या अभिनेत्री के. थवमणी देवी होत्या. संगीत होतं पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकर यांचं, म्हणजेच पुढच्या सी. रामचंद्र यांचं. १९४२ च्या ‘सुखी जीवन’मध्ये भगवानदादांनीच त्यांना हिंदीत संगीतकार म्हणून संधी दिली. ही मैत्री पुढे दोघांनाही फळली.

ललिता पवार यांच्यासोबतची दुर्घटना काय होती?

१९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या शूटिंगमध्ये भगवानदादांना ललिता पवार यांना थप्पड मारायची होती. फटका जोरात बसला. ललिता पवार यांच्या चेहऱ्याला अर्धांगवायू झाला आणि डाव्या डोळ्याला कायमची इजा झाली. सुमारे तीन वर्षं उपचार चालले. नायिका म्हणून त्यांची कारकीर्द तिथेच थांबली. पुढे त्या खाष्ट सासूच्या भूमिकांसाठी ओळखल्या गेल्या आणि ‘रामायण’ मालिकेत त्यांनी मंथरा साकारली. पण त्यामागे किती मोठी किंमत होती, हे विसरता येत नाही. भगवानदादांच्या आयुष्यातलं हे पान टाळून पुढे जाता येणार नाही.

‘अलबेला’ने काय बदललं?

भगवानदादांनी १९४२ मध्ये निर्मितीत पाऊल टाकलं आणि १९४७ मध्ये चेंबूरला जागृती स्टुडिओ उभारला. स्टंटपट सोडून सामाजिक चित्रपट काढ, असा सल्ला त्यांना राज कपूर यांनी दिला. त्यातून १९५१ मध्ये ‘अलबेला’ आला. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक तिन्ही तेच. नायिका गीता बाली, संगीत सी. रामचंद्र यांचं. पडद्यावरच्या भगवानदादांना आवाजही सी. रामचंद्र यांनीच ‘चितळकर’ या नावाने दिला.

कथा साधीच. नाटकाचं वेड असलेला गरीब घरातला तरुण घर सोडतो आणि रंगभूमीवर नाव कमावतो. जाडसर बांध्याचा, रूपाने चारचौघांसारखा माणूस नायक म्हणून लोकांनी डोक्यावर घेतला. नाच शिकलेला नसला तरी माणूस नाचू शकतो, हे त्यांनी दाखवलं. कमीत कमी हालचाल आणि अचूक ताल, एवढंच त्या नाचाचं तंत्र. पुढे अमिताभ बच्चन यांच्या नाचातही याच शैलीची छाप दिसली.

मग घसरण का झाली?

‘अलबेला’नंतर जुहूला २५ खोल्यांचा बंगला आला. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी एक, अशा सात गाड्या आल्या. ‘झमेला’ (१९५३) आणि ‘भागम भाग’ (१९५६) हे चित्रपट आले, पण ‘अलबेला’ची जादू पुन्हा जमली नाही. १९६६ चा ‘लाबेला’ साफ पडला.

गणित समजायला कठीण नाही. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक एकच असला की सिनेमा चालल्यावर नफा एकाच खिशात येतो. पडल्यावर तोटाही त्याच खिशातून जातो. त्यात स्टुडिओचा खर्च सिनेमा चालो वा न चालो, सुरूच राहतो. शेवटी बंगला गेला, गाड्या गेल्या, स्टुडिओही हातचा गेला.

शेवटची वर्षं कशी गेली?

भगवानदादांनी काम मात्र सोडलं नाही. ‘झनक झनक पायल बाजे’ आणि ‘चोरी चोरी’सारख्या चित्रपटांत ते चरित्र भूमिकांत दिसले होतेच. नंतर भूमिका लहान होत गेल्या. अनेकदा एखाद्या गाण्यात तीच जुनी स्टेप करण्यापुरतंच त्यांना बोलावणं येई. मुक्काम दादरच्या लल्लूभाई मॅन्शनमध्ये. विसर्जनाच्या मिरवणुका त्यांच्या चाळीसमोर थांबत आणि दादांनी दोन पावलं नाचल्याशिवाय पुढे सरकत नसत, असं सांगितलं जातं.

२०१६ मध्ये त्यांच्या जीवनावर ‘एक अलबेला’ हा मराठी चित्रपट आला. मंगेश देसाई भगवानदादांच्या, तर विद्या बालन गीता बालींच्या भूमिकेत होती.

आज त्यांची आठवण का?

त्यांच्या सुरुवातीच्या स्टंटपटांपैकी फारसं काही आज पाहायला मिळत नाही. पैसाही टिकला नाही. टिकला तो नाच, कारण तो करायला ना क्लास लागतो, ना पैसे. गिरणी कामगाराच्या मुलाने कामगारांसाठी सिनेमे काढले आणि त्याची सर्वांत मोठी कमाई आजही वरातीत, रस्त्यावर, फुकट वाटली जाते.